बिरोबाच्या टेकडीवर न जुळलेली रेषा

सोपान,

काल तुझ्या शाळेत शोकसभा झाली आणि तुझा नकाशा तिथे उलटा टांगला होता. दक्षिण वर, उत्तर खाली. राजूरचं देऊळ डोक्यावर उभं होतं. कुणीतरी खिळा ठोकला, हार घातला, उदबत्ती लावली, आणि एकामागून एक माणसं त्या उलट्या नकाशाशेजारी उभी राहून सांगू लागली की सरांचं नकाशावर किती प्रेम होतं.

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला दिसत होतं. उठून सरळ करायला कितीसा वेळ लागला असता? मी उठलो नाही. मला तुझा राग आला होता. म्हटलं, लटकू दे तसाच. एवढी लाज वाटत असेल तर ये आणि सरळ कर.

एक जण म्हणाला, सरांनी अपंगत्वावर मात केली. तू असतास तर मागून खोकला असतास. तू कसली मात केलीस? तू त्या पायावर जन्मभर चिडलेला होतास आणि तुझी सगळी बुद्धी त्या चिडण्यातून आली होती. दुसरा म्हणाला, सर अजातशत्रू होते. तेव्हा मी खरंच हसलो. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. त्यांना काय सांगू, की हा अजातशत्रू माझ्याशी वर्षभर बोलत नव्हता? आणि बोलला तेव्हा अट घालायला बोलला? आणि मीही उलटी अट घातली, आणि त्या दोन अटींच्या मधे तू मेलास?

हे त्या सभेत कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहितो आहे.

तुझी-माझी ओळख आमच्या शेतात झाली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्या की तुझे वडील, तात्या, मेंढ्या घेऊन यायचे, आमच्या रानात बसवायला. मेंढ्या रात्रभर बसल्या की रान खतावतं, म्हणून माझे वडील त्यांची वाट बघायचे, आणि मी तुझी. तुझी आई तुला घोड्यावर, भांड्याकुंड्यांच्या मधे बसवून आणायची. बाकी तुमचं सगळं घर चालायचं. तुझ्या बहिणी चालायच्या, कोकरं चालायची, कुत्री चालायची. तू तेवढा घोड्यावर. पोलिओनं तुझा डावा पाय काडीसारखा करून ठेवला होता. पुढे तुला शाळेसाठी आमच्या गावात ठेवलं, तेव्हा ओढ्याला पाणी आलं की मी तुला पाठीवर घ्यायचो. तू माझ्या कानाशी ओरडायचास, "पाटील, खड्डा हाये, डावीकडून घे," जणू काही रस्ता तुझा आणि पाय तेवढे माझे.

तात्या संध्याकाळी माझ्या वडिलांना रस्ता सांगायचे. या साली कुठून आलो, कुठे पाणी लागलं, कुठल्या देवाच्या पायथ्याशी मुक्काम पडला. तू ते ऐकत बसायचास. प्रत्येक गावाचं नाव तुला पाठ होतं आणि त्यातलं एकही गाव तू पायानं पाहिलं नव्हतंस.

म्हणूनच जालन्याला कॉलेजात असताना त्या लायब्ररीतल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात तुला तुझा तो माणूस सापडला तेव्हा तू वेडा झालास. पुस्तकात त्याच्यावर जेमतेम दोन पानं होती. तेवढ्यावर तू आयुष्य काढलंस. पाचशे वर्षांपूर्वी उत्तर समुद्राकाठच्या सखल मुलखात जन्मलेला गरिबाघरचा पोर. आईबाप लवकर गेले, सावत्र आईनं वाढवला, पाय जन्मापासून अधू. मोठा होऊन विद्यापीठात वैद्यक शिकवायला लागला, पण जीव सगळा गणितात आणि नकाशांत. पृथ्वीचे गोल बनवले, ताऱ्यांची उंची मोजायची यंत्रं बनवली. घरी पोरं शिकवायला ठेवली, त्यातला एक पोरगा नकाशे काढण्यात एवढा मोठा झाला की जग गुरूला विसरलं. त्याचं नाव उच्चारताना आपली दोघांची जीभ अडखळायची, म्हणून तू त्याला लंगडे मास्तर म्हणायला लागलास. पुढे हसनाबादच्या शाळेत पोरं तुझ्या माघारी तुलाही तेच म्हणायची. तुला ठाऊक होतं. तू कधी रागावला नाहीस. मला वाटतं, तुला बरं वाटायचं.

लंगड्या मास्तरांची एक कथा तुला मुळीच आवडायची नाही. सावत्र आई त्या पोराला एका संताच्या समाधीला घेऊन गेली आणि त्याचे पाय बरे झाले, अशी. मी म्हणायचो, मग तो लंगडा राहिलाच कुठे? तू खवळायचास. "पाय बरे झाले असते तं मानूस हिंडला असता. मनोऱ्यावर चढून बसला नसता." आणि थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "माझ्या मायनं काय कमी नवस केले का?" हा वाद आपण पंचवीस-तीस वर्षं घातला. तो मिटायला नको होता. काही वाद मिटवण्यासाठी नसतातच.

त्यांची युक्ती मात्र तू मला पहिल्यांदा समजावलीस तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. तोवर मुलूख मोजायचा म्हणजे साखळी घेऊन चालत सुटायचं. हा माणूस म्हणाला, चालू नका. एका मनोऱ्यावर चढा. चहूकडच्या गावांचे मनोरे ज्या दिशेला दिसतील त्या दिशेला कागदावर रेषा ओढा. मग दुसऱ्या मनोऱ्यावर जाऊन तसंच करा. जिथे दोन रेषा एकमेकींना कापतात तिथे ते गाव. अँटवर्प आणि ब्रुसेल्स, एवढी दोन गावं धरून त्यांनी ते दाखवलं. एकच अंतर जमिनीवर मोजायचं, बाकी सगळा देश बसल्या जागी हातात येतो. मी तेव्हा नुकताच मोजणीच्या खात्यात लागलो होतो. हे सगळं मी शिकलेलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. पण तू म्हणालास, "पाटील, न चालता तात्याचा मुलूख काढता येतो," आणि मला पहिल्यांदा कळलं की ही युक्ती कुणासाठी आहे.

तात्या गेले आणि तू त्यांच्या वाटेचा नकाशा काढायच्या कामाला लागलास. मी तुला हसलो होतो. खिशातून मोबाइल काढून म्हटलं, हे बघ, उपग्रहानं सगळं काढून ठेवलंय, ही तुझी टेकडी, हे तुझं देऊळ, कशाला उन्हात तडफडतोस? तू मोबाइल हातात घेतलास, बोटानं नकाशा इकडे तिकडे सरकवलास आणि परत दिलास. "यात तात्याची वाट दाखव." मी मोबाइल खिशात ठेवला. तिथपासून मी तुझा नोकर झालो, आणि खरं सांगतो, माझ्या नोकरीत जी मोजणी मी केली तिच्यात मला इतका आनंद कधी मिळाला नाही.

जालन्याला लेथवर पितळेची चकती कापून घेतली, तिच्यावर तू स्वतः अंश कोरलेस. वर फिरती पट्टी, पट्टीवर यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानातून आणलेली दुर्बीण. पाया, म्हणजे जमिनीवर मोजायचं ते एकच अंतर, रस्त्यावर मोजला, भल्या पहाटे, ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत. तू खुर्चीवर बसून हुकूम सोडत होतास आणि मी टेप ओढत होतो. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, रस्ता रुंद होतोय. एका टपरीवाल्यानं घाबरून स्वतःच टपरी मागे सरकवली. तू त्याला काही सांगितलं नाहीस. "सरकू दे, तसाबी पुढंच आला व्हता."

तुझं एकच म्हणणं असायचं: लांबचं बघायचं तर पावसाळा संपल्यावर. धूळ बसलेली असते, पऱ्हाट्या जाळायला अजून अवकाश असतो, त्या थोड्या दिवसांत हवा अशी धुतलेली असते की राजूरहून पार पलीकडची रांग दिसते. तू त्याला हवा उघडणं म्हणायचास. वर्षात तेवढेच दिवस. बाकी वर्ष तू त्या दिवसांची वाट बघायचास.

आणि मग ती काठी.

तात्यांच्या वाटेवरचा मोठा मुक्काम म्हणजे बिरोबाची टेकडी. "काठीपशी घोंगडं टाकलं की निम्मी वाट सरली," असं ते म्हणायचे. त्या टेकडीवर उंच काठी उभी असते, वर पिवळं निशाण, कोसावरून दिसते. तुझ्याच देवाची टेकडी, पण तू तिच्यावर कधी गेला नव्हतास. वर घोडा जात नाही, नुसता खडक. चैत्रात काठी उभी करायला तुमचे सगळे वर जायचे आणि तू पायथ्याला भांड्यांजवळ बसायचास. माझं तर तिथे जायचं कारणच नव्हतं. आम्ही त्या देवाचे नव्हतो. पण लंगड्या मास्तरांच्या युक्तीत टेकडीवर जावं लागतच नाही. लांबून तीन ठिकाणांहून बघायचं, तीन रेषा ओढायच्या, त्या एका ठिपक्यात भेटल्या की काम झालं.

पहिल्या साली, हवा उघडली तेव्हा, तू राजूरच्या देवळापासून बघितलंस आणि मग शाळेच्या गच्चीवरून. दोन रेषा टेकडीवर भेटल्या. तिसरी आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवरून घ्यायची होती, पण ढग आले, मग धुकं आलं, ती राहिली. दुसऱ्या साली मी यंत्र घेऊन टाकीवर चढलो. लोखंडी शिडी, तुला शक्य नव्हती. निशाण दुर्बिणीत नखाएवढं दिसलं. तीन वेळा वाचलं, तिन्ही वेळा एकच अंश. खाली येऊन तुला फोनवर सांगितला. तू रेषा ओढलीस आणि म्हणालास, "जुळत न्हाई. बाजूनं जाती."

मी म्हटलं, तुझ्या दोन्हीपैकी एखादी चुकली असेल. तू म्हणालास, दोन जुळल्या, एक न्हाई जुळली, मंग चुकलं कोन? मी म्हटलं, मी सरकारी मोजणीदार आहे, पोटासाठी हेच करतो. आणि तू जे म्हणालास ते मला आजही टोचतं. "तुमी पाटील लोकं. दुसऱ्याच्या वाटंकडं नीट बघायची सवय न्हाई तुमाला."

मी फोन ठेवला. यंत्र माझ्याकडे होतं, ते परत दिलं नाही. तूही मागितलं नाहीस. किती अंश आले असते तर रेषा जुळली असती, ते तू मला ओरडून सांगितलं होतंस; तो आकडा मी वर्षभर झोपेत घोकला. राजूरला चतुर्थीला एकदा तू समोरून आलास, काठी टेकत, पोटाच्या बाजूला हात धरून. मी चपलांच्या दुकानात शिरलो. मला चप्पल नको होती.

तो हात पोटाशी का होता, ते मला वहिनींकडून कळलं. मुतखडा. आपल्याकडे घरटी एकाला असतो, पाणीच तसलं. पण तुझा मोठा होता, अडकत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जालन्याला दाखल व्हा, काढून टाकू. तू कुळथाचं पाणी पीत बसलास. आणि वर्गात पोरांना सांगितलंस म्हणे, हसत हसत, की लंगडे मास्तरही मुतखड्यानंच गेले, पन्नाशी गाठायच्या आत.

सोपान, इथे मला तुझं मानगूट धरावंसं वाटतं. तो माणूस वैद्य होता, वैद्यक शिकवत होता, आणि तरीही स्वतःला वाचवू शकला नाही, कारण त्या काळी कुणीच कुणाला खड्यापासून वाचवू शकत नव्हतं. त्याला चालण्यासारखा रस्ताच नव्हता. तुला होता. जालना होतं, संभाजीनगर होतं, माझी गाडी दारात होती. त्याची युक्ती घेतलीस, ठीक. त्याचं लंगडेपण तर तुझं स्वतःचंच होतं. त्याचं मरणही उचलायचं काय कारण होतं? हे कसलं शिष्यत्व? तू तो विनोद पोरांना सांगितलास तेव्हा पुढच्या बाकावरचा एखादा पोरगा हसला असेल. त्या पोरानं आता काय करायचं?

आणि मी. माझ्याकडे वळतो, कारण ते टाळून हे पत्र पुरं होणार नाही.

या साली पाऊस उघडला आणि तुझा फोन आला. वर्षानंतर पहिला. कसा आहेस नाही, काही नाही. "हवा उघडली हाये. टाकीवर चढून परत वाच."

मी म्हटलं, "तू आधी जालन्याला चल."

"आधी टाकी, मंग जालना."

"आधी जालना. तू भरती झाला की मी त्याच दिवशी चढतो."

"मी भरती झालो अन् हवा गेली तं?"

"तर पुढच्या साली."

तू हळू म्हणालास, "पाटील, तुला भ्या वाटून राह्यलं. परत वाचलं तं तुझी चूक निघंल म्हनून."

ते खरं होतं. म्हणून मी चिडलो. म्हणालो, मी अजिबात चढणार नाही, तुझा खडा निघेपर्यंत त्या यंत्राला हात लावणार नाही. मला वाटत होतं की मी तुझ्या जिवासाठी हट्ट धरलाय. अर्धा हट्ट तुझ्या जिवासाठी होता. उरलेला अर्धा माझ्या वाचनासाठी होता, आणि कुठला अर्धा जड होता ते मला आज विचारू नकोस. टाकी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. यंत्र कपाटात होतं. सकाळचा चहा व्हायच्या आत ते काम झालं असतं.

लंगड्या मास्तरांनी लिहून ठेवलं होतं ना, की चांगलं घड्याळ सोबत असेल तर भर समुद्रात माणसाला आपण कुठे आहोत ते कळेल? आणि तसलं घड्याळ जगात कुठेच नव्हतं. तू हे किती कौतुकानं सांगायचास, की बघ, घड्याळ नव्हतं तरी लिहून ठेवलं त्यानं, कुणी करील पुढं म्हणून सोडून दिलं. मग तुला का सोडून देता आलं नाही? एक रेषा. पुढच्या साली ओढली असती.

पण तुला हवा जाईल याची भीती होती, आणि मला चूक निघेल याची. त्या भीतीपायी आठवडा गेला. मग ताप चढला, खडा नळीत अडकला होता, विष रक्तात गेलं, आणि तुला जालन्याला नेलं तेव्हा तू कुणालाच ओळखत नव्हतास. मी गाडी चालवत होतो. हवा स्वच्छ होती. रस्त्यावरून तुझी टेकडी दिसत होती, निशाणासकट. तू मागच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून होतास, आणि मी मूर्खासारखं म्हणालो, "सोपान, बघ, काठी दिसून राह्यली." वहिनी म्हणाल्या, "गाडी चालवा भाऊ."

काल सभा संपल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. हातात कागदाची पुडी होती, तुझ्या रक्षेतली चिमूटभर. म्हणाल्या, यांच्या वडिलांची पण बिरोबाच्या टेकडीवर टाकली होती, यांची पण तिथंच टाका. घरात चढू शकेल असं कुणी नव्हतं असं नाही. त्यांना मलाच पाठवायचं होतं. मग, रडल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमी दोघं आटी घालत बसले. मला वाटलं, लहानपणचे मैतर हायेत, आपसात बघून घेतील. म्हनून मी मधी पडले न्हाई." मला वाटलं होतं त्या मला शिव्या देतील. त्यांनी दोष स्वतःकडेही घेतला, ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

आज सकाळी मी यंत्र कपाटातून काढलं आणि टाकीवर चढलो. तुझ्यासाठी चढलो, असं म्हणणार नाही. मला सहन होत नव्हतं म्हणून चढलो. हवा अजून उघडी होती. निशाण दुर्बिणीत आलं, मी पट्टी फिरवली आणि अंश वाचले.

तुझा आकडा होता. वर्षभर मी घोकला तोच. रेषा जुळत होती, सरळ तुझ्या ठिपक्यात जात होती.

म्हणजे मागच्या साली मी चुकलो होतो. तू खरा होतास, मी खोटा होतो, आणि मी खोटा ठरू नये म्हणून... पुढचं वाक्य मी वर बसून पुरं केलं नाही, इथेही करत नाही. खालून कुणीतरी ओरडलं, साहेब, पाणी येनार हाये का आज? मी हो म्हणालो. मला काय माहीत.

तिथून तसाच टेकडीवर गेलो. पुडी खिशात.

चढून वर पोचलो तर काठी होती, निशाण फडफडत होतं, आणि काठीच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगडी ओटा. मी ओट्यापाशी उभा राहिलो आणि सहज पलीकडे पाहिलं. टेकडीचा माथा लांबट आहे, सोपान. आपल्याला खालून ते कधी दिसलंच नाही. आणि माथ्याच्या पार दुसऱ्या टोकाला आणखी एक ओटा होता. तसाच दगडी, तसाच शेंदूर. त्यावर काठी नव्हती. नुसता खड्डा, दगडानं बुजवलेला.

सावलीला एक म्हातारा मेंढ्या राखत बसला होता. मी विचारलं, तो ओटा कुणाचा?

"खालच्या वाडीचा. ह्यो वरच्या वाडीचा. एक साल काठी हिकडं, एक साल तिकडं. दोन भावांचा देव हाये, मंग बराबर वाटणी नको का?" मग माझ्याकडे नीट बघून, "औंदा आमच्याकडं हाये. गेल्या साली त्यांच्याकडं व्हती."

त्याच्या आदल्या साली?

"मंग आमच्याकडंच की."

मी तिथेच बसलो. म्हाताऱ्याला वाटलं मला ऊन लागलं. त्यानं पाणी दिलं.

ऐकलंस का सोपान? तू बघितलंस तेव्हा काठी या टोकाला होती. चैत्रात ती त्या टोकाला गेली. मी बघितलं तेव्हा ती तिथे होती आणि मी बरोबर वाचलं. यंदाच्या चैत्रात ती परत इकडे आली. तुझ्या दोन रेषा खऱ्या, माझी मागच्या सालची खरी, आजचीही खरी. कुणीच चुकलं नव्हतं. तुमच्यातला प्रत्येक माणूस, ज्याला पाय होते, त्याला हे ठाऊक होतं. तुला कुणी सांगितलं नाही कारण कुणालाही वाटलं नाही की तुला ठाऊक नसेल, तुझाच देव. आणि मला कुणी सांगायचा प्रश्नच नव्हता.

आणि याहून वाईट ऐक. तुझा फोन आला त्या दिवशी मी चढलो असतो तर रेषा जुळली असती. तू म्हणाला असतास, बघ पाटील, मी म्हनत व्हतो. मी मान खाली घातली असती. तू हसत हसत जालन्याला आला असतास. आपण दोघंही जन्मभर हेच समजून राहिलो असतो की माझं वाचन चुकलं होतं, आणि ते खोटं असतं, आणि तू जिवंत असतास. मला ते खोटं चाललं असतं. हे कळायला मला या टेकडीवर यावं लागलं.

म्हाताऱ्यानं विचारलं, कुणाकडचे? मी तात्यांचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "तात्या व्हय? लई गुणाचा मानूस. ही काय त्याची वाट." आणि त्यानं काठीनं दाखवलं. दोन ओट्यांच्या बरोबर मधून, खडकात झिजलेली, मेंढ्यांच्या खुरांनी गुळगुळीत झालेली पायवाट खाली उतरत होती. "त्याचं एक पोरगं व्हतं, पायानं अधू. मास्तर झालं म्हनं. ते कधी वर आलं न्हाई."

मी म्हणालो, आज आलंय. पुडी सोडली आणि रक्षा त्या वाटेवर ठेवली. वारा होता, ती फार वेळ राहिली नाही. म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात धरली.

परत येताना शाळेत गेलो. सभागृह उघडं होतं, खुर्च्या अजून तशाच. नकाशा भिंतीवरून काढला, काच काढली, टेकडीवर तुझ्या ठिपक्याच्या बाजूला दुसरा ठिपका दिला आणि दोन्हींच्या मधून तात्यांची वाट ओढली. पेन्सिलीनं ओढली. शाईनं तू ओढायचास, मला तो हक्क नाही. मग काच लावली आणि सरळ टांगला. उत्तर वर.

माझा राग गेलेला नाही. तुझ्यावरचाही नाही आणि माझ्यावरचाही. त्या लंगड्या मास्तरांवरही आहे, ज्यांनी तुला शिकवलं की जावं लागत नाही, आणि तू त्यांचं इतकं ऐकलंस की तुझ्याच देवाच्या माथ्यावर काय आहे ते बघायला कधी कुणाला म्हणाला नाहीस. टाकीवर चढ म्हणालास, टेप ओढ म्हणालास, मला वर ने असं तेवढं म्हणाला नाहीस. आणि मी, ज्यानं ओढ्याच्या पाण्यातून तुला पाठीवर नेलं होतं, त्यानं मोठा झाल्यावर कधी विचारलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून. पाटलाला शोभणार नाही म्हणूनही असेल.

चढ फार नाही रे. मी मोजला नाही, पण फार नाही. मधे एके ठिकाणी खडक जरा निसरडा आहे, तिथे तू कानाशी ओरडला असतास, डावीकडून घे. मी डावीकडून घेतलं असतं.